पनवेलच्या गच्चीवर हॉप्स: वेल जगेल, बिअरचं विसरा

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे या भागातल्या गच्च्यांवर हल्ली ड्रॅगन फ्रूट दिसतं, अंजीर दिसतं, कुंडीतली स्ट्रॉबेरीसुद्धा दिसते. त्याच हौसेच्या रांगेत आता हॉप्सची वेल येऊन उभी राहिली आहे. ऑनलाइन बियांची पाकिटं मिळतात, सोबत ‘घरच्या हॉप्सची घरची बिअर’ असे व्हिडिओ. वेल देखणी आहे, लावायला हरकत काहीच नाही. मात्र तिच्याबद्दल कानावर पडणाऱ्या गोष्टींतल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात आणि उरलेल्या युरोपापुरत्या खऱ्या.

‘हॉप्समुळे बिअर चढते’

चढतं ते अल्कोहोल, आणि ते हॉप्समधून येत नाही. जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करतात. त्या माल्टमधली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार होतं. या सगळ्यात हॉप्सचा हात नाही.

मग हॉप्स कशाला? मादी वेलीला बोटाच्या पेराएवढी, हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडं लागतात. एखादं बोंड उभं चिरलं की प्रत्येक खवल्याच्या बुडाशी हळदीच्या रंगाची बारीक भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. बोटाला ती चिकटते आणि वास तासभर जात नाही. जातीप्रमाणे तो लिंबाच्या सालीचा, राळेचा, नाहीतर ओल्या गवताचा. या भुकटीत अल्फा आम्लं असतात. माल्टच्या पाण्यात ती तासभर उकळली की त्यांची रचना बदलते आणि बिअरला कडवटपणा येतो. सुगंधी तेलं मात्र त्याच उकळीत उडून जातात, म्हणून वासासाठी हॉप्स शेवटी पुन्हा घालतात.

हॉप्सचं दुसरं काम टिकवण्याचं. पालघर-रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांनी ताडी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पहाटे उतरवलेला रस गोड, दुपारी फसफसलेला, संध्याकाळी आंबट. यीस्टच्या मागोमाग आम्ल करणारे जिवाणू घुसतात आणि त्यांना अडवणारं तिथे कोणी नसतं. बिअरमध्ये त्यातल्या बऱ्याच जिवाणूंना हॉप्सची कडू द्रव्यं अडवतात. हॉप्स सर्वत्र रुळण्याआधी युरोपात वेगवेगळ्या झाडपाल्यांची मिश्रणं घालून बिअर करत. बव्हेरियाच्या 1516 च्या फर्मानाने घटक जव, हॉप्स आणि पाणी एवढेच ठरवून दिले. यीस्टचा त्यात उल्लेखही नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

‘हा गांजाचा भाऊबंद, लावला तर पोलीस येतील’

भाऊबंद हे खरं. दोन्ही एकाच कुळातले, कॅनाबेसी. पण गांजात नशा आणणारं टीएचसी हॉप्समध्ये नसतं, आणि 1985 चा अमली पदार्थ कायदा कॅनाबिस या वनस्पतीबद्दल बोलतो, हॉप्सबद्दल नाही. वेलीपायी पोलीस येणार नाहीत. ते कशापायी येऊ शकतात, ते शेवटी.

‘पनवेलला उन्हाची काय कमी? वेल फोफावेल’

सगळी मेख इथे आहे. हॉप्सला उन्हाच्या तापाशी फारसं देणंघेणं नाही. दिवस किती तासांचा, यावर तिचं सगळं गणित चालतं. जर्मनीतल्या हालरटाऊ भागात, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या हॉप्सपट्ट्यात, जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातही जवळपास तेवढाच. पनवेल 19 अंश अक्षांशावर. आपला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि तो नेमका जूनच्या ढगांत जातो.

पुस्तकांत ‘हॉप्सला मोठा दिवस लागतो’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून लोक समजतात की लहान दिवसात वेल फुलणार नाही. घडतं उलट. दिवस लहान होऊ लागला की फुलायचं, असा हिचा स्वभाव. मोठ्या दिवसांत वेल नुसती वाढत राहते, पाच-सहा मीटरवर जाते, फांद्या फोडते आणि जूननंतर दिवस उतरू लागले की अंगभर फुलते. पनवेलला दिवस पहिल्यापासूनच लहान. त्यामुळे वेल धड वाढण्याआधीच फुलण्याची घाई करते. कमरेएवढी वेल, तिला मूठभर बोंडं, एवढ्यावर हंगाम संपतो.

याला उपाय आहे, पण तो गच्चीवरचा नव्हे. फ्लोरिडात विमाउमा इथल्या विद्यापीठाच्या केंद्रात रात्री एलईडी दिवे लावून दिवस ‘लांबवतात’ आणि वर्षात दोन पिकं घेतात. दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज शहराच्या आसपासही पूर्वी दिव्यांखाली हॉप्स घेत, पुढे तिथल्या दिवसमानाला जुळतील अशा जाती काढल्या. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर महिनोन्‌महिने रात्रीचे दिवे लावले तर शेजारी काय म्हणतील ते सांगायला नको.

थंडीचा बाऊ मात्र उगाच केला जातो. हिवाळ्यात वेलीला कडक गारठा बसलाच पाहिजे, नाहीतर ती फुलत नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या 2019 च्या संशोधनाने ते खोडून काढलं; प्रकाशाचे तास नीट सांभाळले तर गारठ्याशिवायही पीक येतं. तेव्हा आपली अडचण जानेवारीतल्या उबेची नाही.

दिवसमानाच्या खालोखाल अडचण पावसाची. पनवेलला चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सतत ओल्या पानांवर भुरी-केवड्यासारखे बुरशीचे रोग चढतात, आणि कुंडीत पाणी साचलं की जमिनीखालचे कंद सडतात. लावायचीच असेल तर मोठी कुंडी, निचऱ्याची माती, पावसाळ्यात छपराखालची जागा आणि चढायला काथ्याची जाड दोरी. हिला दोडक्यासारखे ताणे नसतात. खोडावरच्या राठ केसांच्या आधाराने ती दोरीला वेढे देत वर जाते, म्हणून गुळगुळीत नायलॉनपेक्षा काथ्या बरा. केस हातालाही ओरखडे काढतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

‘बिया टोचल्या की झालं’

हॉप्समध्ये नर वेल वेगळी, मादी वेगळी. बियांतून निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि त्यांचा बिअरला उपयोग शून्य. ज्या मादी निघतील त्याही आईच्या गुणांच्या असतील असं नाही. म्हणून जगभर लागवड मादी वेलीच्या कंदाच्या तुकड्यांवर किंवा छाटांवर होते. परदेशातून असे कंद पाकिटात घालून मागवणं बेकायदा आहे. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला, दोन्ही लागतात.

‘भारतात हॉप्स होतच नाहीत’

होतात, आपल्याकडे नव्हे इतकंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काश्मीरमध्ये सोपोरजवळ दुबगामला संस्थानची हॉप्सची बाग होती. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात 1970 च्या दशकापासून शेतकऱ्यांनी हॉप्स घेतले. तिथे उन्हाळ्यातला दिवस सव्वाचौदा तासांच्या पुढे जातो, हवा कोरडी, पाऊस नावाला. पुढे स्वस्त आयात मालापुढे भाव टिकेना आणि बरेच जण वाटाणा-फ्लॉवरकडे वळले. देशातल्या कारखान्यांना लागणारे हॉप्स मुख्यतः बाहेरूनच येतात. पनवेल तालुक्यातच तळोजा एमआयडीसीत युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना आहे. बिअर इथली, म्हणून हॉप्सही इथले असं होत नाही.

‘मुंबईपर्यंत बिअर टिकावी म्हणून इंडिया पेल एलचा शोध लागला’

जास्त हॉप्सच्या या बिअरची ही कथा पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये ऐकायला मिळते. जास्त हॉप्सने बिअर टिकते हे लंडनच्या बिअरवाल्यांना आधीपासून माहीत होतं. लंडनच्याच बो भागातल्या हॉजसन या बिअरवाल्याची फिकी, कडक बिअर अठराव्या शतकाच्या शेवटी इकडे येत होती. पण ती खास भारतासाठी शोधून काढली याला पुरावा नाही. काळी पोर्टर बिअरही त्याच प्रवासात सैनिकांसाठी येत होती आणि पीत होतेच लोक. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव 1829 मध्ये सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत सापडतं, म्हणजे माल खपू लागल्यावर कितीतरी वर्षांनी.

‘बोंडं पापडासारखी कडक उन्हात वाळवायची’

मूठभर बोंडं आली, तर ती कधी काढायची? कोवळं बोंड दाबलं की ओलसर लागतं आणि दबलेलंच राहतं. तयार बोंड कागदी लागतं, सोडल्यावर परत फुगतं, टोकं किंचित तपकिरी होतात, आतली भुकटी गडद पिवळी दिसते. काढताना त्यात पाऊणपट किंवा जास्त पाणी असतं आणि ते दहा टक्क्यांच्या आसपास आणायचं असतं. उन्हाने वास उडतो, रंग जातो. सावलीत जाळीवर एका थरात पसरून पंखा लावावा. ड्रायर असेल तर 60 अंशांच्या वर नेऊ नये. देठ वाकवला की तुटला पाहिजे. मग हवाबंद पिशवीत, फ्रीझरमध्ये.

घरात कुत्रा असेल तर बोंडं आणि उकळून उरलेला चोथा दोन्ही त्याच्यापासून लांब ठेवा. कुत्र्याने हॉप्स खाल्ले तर अंगाचा ताप जीवघेणा चढू शकतो.

‘स्वतःपुरती घरी केली तर चालते’

अमेरिका-इंग्लंडचे व्हिडिओ पाहून झालेला हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यात बिअर ही मद्यातच मोडते आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. शिक्षेत तुरुंगवासही येतो. विकायची नाही, पाहुण्यांपुरती आहे, पाचच लिटर आहे, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही. मद्य करण्यासाठी भांडीकुंडी, सामान जवळ ठेवणंही त्याच कलमात येतं. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या मायक्रोब्रुअरीने ताजी बिअर सुरू केली ती राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मायक्रोब्रुअरीचा परवाना घेऊन, आणि तो परवाना धंद्यासाठी असतो, स्वयंपाकघरासाठी नाही.

तेव्हा वेल हवी तर जरूर लावा. बेल्जियममध्ये हिचे वसंतातले कोवळे कोंब भाजी म्हणून महाग विकले जातात, जर्मनीत वाळलेल्या बोंडांचा काढा झोपेसाठी घेतात. काढा बेतानेच घ्या. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बिअर मात्र परवाना असलेल्या दुकानातूनच आणा.