राखेआडचा निखारा

चुलीतला निखारा राखेने झाकला, तरी हात जवळ नेताच धग लागते. डोळ्यांना न दिसणारी ही धग म्हणजे अवरक्त किरण. विश्वातील अतितेजस्वी क्वासारांचा माग काढताना शास्त्रज्ञांना याच किरणांचा आधार होतो.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या बिंदूच्या वर्णपटाचे कोडे उलगडले. तो तारा नव्हता. त्याचे अंतर सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षे भरते! क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे केंद्र. तेथील प्रचंड कृष्णविवरात पडणारा वायू तापून झळाळतो. भोवतालची धूळ हा प्रकाश अडवते, स्वतः तापते आणि अवरक्त किरण बाहेर टाकते. शिवाय विश्व प्रसरण पावत असल्यामुळे अतिदूरच्या क्वासाराचे अतिनील किरण वाटेत ताणले जाऊन अवरक्त होतात. २०११ साली हवाई बेटावरील अवरक्त दुर्बिणीच्या पाहणीतून असाच एक क्वासार सापडला. त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ७७ कोटी वर्षे होते.

क्वासारांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत मार्गारेट बर्बिज यांचे नाव मोठे आहे. १९५५ च्या सुमारास माउंट विल्सन वेधशाळेत स्त्रियांना दुर्बिणीची वेळ मिळत नसे. तेव्हा पती जेफ्री यांच्या नावे वेळ घेऊन मार्गारेटबाईंनी वेध घेतले, कागदोपत्री मात्र सहायक म्हणून! १९६७ साली उभयतांचा क्वासारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच जेफ्रींबरोबर पुढे आपल्या जयंत नारळीकरांनी संशोधन केले. नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली. पुण्यातीलच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात प्रीती खरब यांनी सक्रिय दीर्घिकांवर संशोधन केले आहे.

पुणे यवतमाळहून दूर खरे. पण दहावीनंतर मुलीने कोणती शाखा घ्यावी, हे वणी, पुसद, दारव्ह्याच्या घराघरांत ठरते. गणित आणि भौतिकशास्त्र तेथेच सुटले, की ही वाट बहुधा बंद होते. ‘रात्री-अपरात्री मुलगी दुर्बिणीवर कशी जाईल?’ असे कोणी विचारील. परंतु आज बहुतेक वेध संगणकावर येतात आणि त्यांचा अभ्यास दिवसाउजेडी होतो.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील, सर्वच जण कोणाचे तरी भाऊ-बहीण आहेत. घरातली धाकटी गणितात रमत असेल, तर ‘मुलीला एवढे कशाला?’ हा प्रश्न निदान आपल्या तोंडून निघू नये. धग ओळखायला शास्त्रज्ञच असावे लागते असे नाही.