कित्ता इंग्रजीचा, आवर्तन उजनीचे

आदिलशाही अमदानीतील पुष्कळ कागद फारसी आणि मराठी अशा दोन भाषांत लिहिलेले आढळतात. हुकूम एकच, लिप्या दोन. आणि दोन्ही मजकुरांत एकही अक्षर सामाईक नसताना त्यांचा आशय एकच आहे, हे परगण्याच्या दफ्तरातील कारकुनाला निराळे सांगावे लागत नसे. ही कारकुनी नजर संगणकाला देण्याचा उद्योग गेली काही वर्षे चालू आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रयोगशाळेने २०२१ साली स्वीडिश-इंग्रजी वाक्यांसाठी तो केला, तर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ साली मराठी वाक्यांसाठी ‘महा-एसबर्ट’ आणि पुढच्या वर्षी दहा भारतीय भाषांसाठी ‘इंडिक-एसबर्ट’ ही मॉडेले सिद्ध केली. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून या विषयावर बोलू लागले, की ऐकणाऱ्याच्या मनातील काही ठाम समज प्रथम बाजूला सारावे लागतात.

सर्वांत दृढ समज असा, की हे यंत्र भाषांतर करते. वस्तुस्थिती अशी, की ते एका शब्दाचेही भाषांतर करीत नाही. ‘कालव्याला पाणी कधी सुटणार?’ हे वाक्य दिले असता ते आकड्यांची एक ठराविक लांबीची ओळ, बहुधा सातशे अडुसष्ट आकड्यांची, काढून देते. याच अर्थाचे इंग्रजी वाक्य दिले असता दुसरी ओळ देते. आणि शिक्षण नीट झाले असेल, तर या दोन ओळींनी दर्शविलेल्या दिशांमधील कोन अगदी लहान भरतो. गणितात अशा ओळीला सदिश म्हणतात. मराठीत प्रश्न विचारून इंग्रजी परिपत्रकातील नेमका परिच्छेद हुडकून काढणे शक्य होते ते या सामीप्यामुळे. मात्र या ओळीतील प्रत्येक आकड्याला स्वतंत्र अर्थ असेल, एक आकडा पाण्याचा आणि एक पिकाचा असेल, ही कल्पनाही तितकीच चुकीची आहे. सातबाराच्या उताऱ्यावर प्रत्येक रकान्याला नाव असते. येथे कोणत्याही रकान्याला नाव नाही, आणि अर्थ आहे तो केवळ इतर वाक्यांपासूनच्या अंतरात.

दोन्ही भाषा यंत्राला सारख्याच कष्टाने, अगदी मुळाक्षरांपासून शिकवाव्या लागत असतील, असेही पुष्कळांना वाटते. तसे नसते. जर्मनीतील डार्मस्टाट येथील नील्स रायमर्स आणि इरिना गुरेविच यांनी २०२० साली जी रीत मांडली, तिचे स्वरूप आपल्याकडे पाटी-पेन्सिलीवर कित्ता गिरविलेल्या माणसाला सहज उमगेल. इंग्रजी वाक्यांचे उत्तम सदिश काढणारे एक मॉडेल गुरूच्या जागी बसवायचे आणि त्याला हात लावायचा नाही. शिष्यापुढे इंग्रजी वाक्य आणि त्याचे स्वीडिश भाषांतर ठेवायचे. आणि दोहोंसाठी त्याने गुरूच्या त्याच एका आकड्यांच्या ओळीवरून हात फिरवावा, अशी अट घालून दोन ओळींतील फरकाचा वर्ग करीत करीत तो फरक कमी करत न्यायचा. हीच रीत वापरताना स्वीडिश मंडळींनी शिष्य म्हणून आपल्याच ग्रंथालयात घडविलेले स्वीडिश मॉडेल घेतले होते. कोणते वाक्य कोणत्या वाक्यासारखे, हे माणसाने बसून ठरविण्याची गरजच उरत नाही. समांतर वाक्यांच्या जोड्या तेवढ्या हव्यात.

या रीतीचे कौतुक करताना एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. कित्ता इंग्रजीचा असतो. गावच्या सभेत ‘आपण पाणी मागू’ आणि ‘आम्ही पाणी मागू’ या दोन वाक्यांत समोरचा ऐकणारा मागणीत सामील आहे की वगळलेला आहे, एवढे अंतर असते, आणि त्या अंतरावरून भांडणे होतात. इंग्रजीत दोहोंसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे गुरू त्यांना एकाच बिंदूवर बसवितो, आणि निमूटपणे गिरविणारा मराठी शिष्य तो भेद हळूहळू विसरू लागतो. यंत्राला मराठी येत नाही म्हणून हे घडते असे नव्हे. ते गुरूचे शब्दशः ऐकते, म्हणून घडते.

जोड्या जितक्या अधिक तितके मॉडेल चांगले, हा समज अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच अधिक घातक. स्वीडिशसाठी जोड्या आल्या त्या युरोपीय संसदेच्या कामकाजातून, कायद्यांच्या अनुवादांतून आणि चित्रपटांच्या उपशीर्षकांतून. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीतील एआय-फॉर-भारत या संस्थेने २०२१ साली ‘समानांतर’ हा संग्रह प्रसिद्ध केला; त्यात इंग्रजी आणि अकरा भारतीय भाषा यांच्या जवळजवळ पाच कोटी जोड्या आहेत, आणि मराठीच्या वाट्याला तीस लाखांहून अधिक. गंमत अशी, की या जोड्या आंतरजालावरून वेचताना वाक्याचे वाक्याशी साम्य ठरविण्याचे काम गूगलच्या ‘लाब्से’ या १०९ भाषांच्या मॉडेलवर सोपविले होते. म्हणजे यंत्राच्या शिक्षणासाठी लागणारी सामग्री यंत्रानेच पारखून दिली. अशी सामग्री मुख्यतः वृत्तपत्रे आणि सरकारी निवेदने यांची असते. मंत्र्यांच्या दौऱ्याची भाषा तीत विपुल. खोडवा, आडसाली, वाफसा हे शेतीतले शब्द दुर्मीळ.

‘आवर्तन’ हा शब्दच घ्या. अथर्वशीर्षाचे आवर्तन होते, तबल्यावर तालाचे आवर्तन होते, आणि उजनीच्या कालव्याचेही आवर्तन सुटते. धरण माढा तालुक्यातच असल्यामुळे येथील शेतकऱ्याला हा शब्द उच्चारताच पाण्याची पाळी आठवते. ज्या यंत्राने तो केवळ धार्मिक आणि सांगीतिक वृत्तांत पाहिला, ते या शेतकऱ्याचा प्रश्न गणेशोत्सवाच्या बातमीशेजारी नेऊन ठेवील, यात नवल नाही.

लिपी एक म्हणजे भाषा जवळ, म्हणून हिंदीचे मॉडेल मराठीला चालून जाईल, असे म्हणणारे सुज्ञही भेटतात. स्वीडिश आणि इंग्रजी दोन्ही रोमन लिपीत लिहितात; पण ‘बार्न’ या एकाच अक्षररचनेचा अर्थ इंग्रजीत शेतावरचे कोठार आणि स्वीडिशमध्ये मूल. आपल्याकडे ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते आणि मराठीत कोर्टात. उलट लिप्या भिन्न असूनही दोन भाषांची रचना विलक्षण जुळते: स्वीडिशमध्ये रेल्वेला ‘येर्नव्हेग’ म्हणतात, येर्न म्हणजे लोखंड, व्हेग म्हणजे मार्ग, आणि आपला ‘लोहमार्ग’ हा संस्कृतोद्भव शब्द सांध्यासांध्यात तोच. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद रुळांची गाडी निघाली, तेव्हा मात्र येथील लोक तिला रेल्वे किंवा आगगाडीच म्हणाले असतील, लोहमार्ग नव्हे.

शेवटचा समज सर्वांत महाग पडू शकतो: दोन वाक्ये जवळ आली म्हणजे ती एकमेकांशी सहमत आहेत. ‘आवर्तन सुटले’ आणि ‘आवर्तन सुटले नाही’ या वाक्यांचा विषय एक, शब्द बहुतेक तेच. त्यामुळे त्यांचे सदिश बहुधा शेजारी पडतात, आणि पिकाच्या दृष्टीने तर हीच दोन वाक्ये एकमेकांपासून सर्वांत दूर. यावर उपाय म्हणून अनुमान आणि विसंगती यांच्या नमुन्यांवर मॉडेल पुन्हा घासतात. महा-एसबर्टही असल्या नमुन्यांवर घडले, पण ते नमुने मूळ इंग्रजीतून यंत्राने अनुवादिलेले. म्हणून कसोटी आपणच घ्यावी; एखादे मॉडेल माढ्याच्या उपयोगाचे आहे की नाही हे पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाटकऱ्याची भाषा जाणणाऱ्या एखाद्या इसमाने शंभर जोड्या स्वहस्ते लिहाव्यात, त्यांत ‘सुटले’ आणि ‘सुटले नाही’ यांचा, तसाच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा मुद्दाम भरणा करावा, आणि प्रत्येक जोडीतील कोन मोजावा. संध्याकाळपर्यंत काम उरकते.