फोटो पेपर घेताना: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारा, तुमसर असो की साकोली, स्टेशनरीच्या दुकानात फोटो पेपर मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘किती जीएसएमचा देऊ?’ खरं तर आधी ठरवायला हवं ते वेगळंच: प्रिंटरमध्ये शाई कुठली आहे आणि फोटो जाणार कुठे, अर्जावर, अल्बममध्ये की भिंतीवर?

गैरसमज : जीएसएम जास्त, तर फोटो चांगला.
वस्तुस्थिती : जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे 16 कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे 180 जीएसएमचा एक कागद सव्वाअकरा ग्रॅमचा. यावरून कागद किती दणकट ते कळतं, रंग कसे उठतील ते नाही. रंग ठरतात वरच्या लेपावर. शिवाय ज्या प्रिंटरमध्ये कागद खालच्या ट्रेमधून वळून येतो, त्यात जाड कागद अडकू शकतो.

गैरसमज : चकचकीत कागद सगळ्यात भारी.
वस्तुस्थिती : ग्लॉसीवर रंग खुलतात हे खरं, पण बोटांचे ठसे उमटतात आणि उजेडात भिंतीवरचा फोटो चमकतो. फ्रेमसाठी मॅट किंवा सॅटिन बरा. रोवणीच्या दिवसांत हवा दमट असते, तेव्हा काचेला टेकलेला ग्लॉसी फोटो तिलाच चिकटून बसतो. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची पट्टी ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा.

गैरसमज : कागद चांगला घेतला की सेटिंग बदलायची गरज नाही.
वस्तुस्थिती : सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई डायची (विरघळलेल्या रंगाची), तर काळी पिगमेंटची (बारीक रंगकणांची) असते. ग्लॉसी कागद घालून सेटिंग ‘प्लेन पेपर’ ठेवलं, की केसांचा काळा भाग पिगमेंट शाईने छापला जातो. ती लेपात मुरत नाही, बोट फिरवलं की पुसली जाते. ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडलं, तर असा प्रिंटर रंगीत शाया मिसळून काळा रंग तयार करतो.

गैरसमज : कागद कुठल्याही बाजूने घातला तरी चालतो.
वस्तुस्थिती : बहुतेक फोटो पेपरना लेप एकाच बाजूला असतो. उलट्या बाजूवर शाई पसरते किंवा ओलीच राहते. ओळखायचं कसं? किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावा. जी बाजू बोटाला चिकटते, ती छापायची. बाजू बरोबर असली तरी लेझर प्रिंटरचा ग्लॉसी कागद इंकजेटला चालत नाही. उलट, इंकजेटचा फोटो पेपर लेझरमध्ये घातला तर आतल्या उष्णतेने लेप वितळून प्रिंटरच खराब होऊ शकतो.

गैरसमज : ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय, म्हणजे फोटो कायमचा टिकेल.
वस्तुस्थिती : पाण्याचा थेंब सहन करणं वेगळं आणि रंग टिकणं वेगळं. आरसी (रेझिन-कोटेड) कागदाच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो भिजून फुगत नाही. त्याच्या सच्छिद्र लेपात शाई झटपट सुकते, पण त्याच छिद्रांतून हवाही पोहोचते. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी डाय शाई फिकी पडते. काचेमागे, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर फोटो जास्त टिकतो.

थोडक्यात, अर्जाच्या फोटोंना 180 जीएसएमचा साधा ग्लॉसी पुरे. 35 बाय 45 मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर बसतात. लग्नाच्या अल्बमला आरसी ग्लॉसी घ्या, भिंतीसाठी मॅट. चार बाय सहाचा फोटो नीट यायला साधारण 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आकसून आलेल्या फोटोला महागडा कागदही वाचवू शकत नाही. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आधी लहान पाकीट घेऊन पाहा, आणि उरलेले कागद पावसाळ्यात त्याच पाकिटात हवाबंद ठेवा.