इंग्रजी भूतकाळ आणि मराठी विद्यार्थी

धार येथील भोजशाळेतील स्तंभांवर सर्पबंधाकृतीत संस्कृतच्या दहा लकारांचे प्रत्यय कोरलेले आहेत. त्यांतील तीन लकार भूतकाळाचे. घटना आजपूर्वीची की न पाहिलेली, असे सूक्ष्म भेद त्यांत केले जात. इंग्रजीची कसोटी निराळी आहे.

पवारांच्या राजवटीपासून धार-देवास भागात मराठी कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या घरी ‘पाहुणे काल आले आहेत’ हे वाक्य निर्दोष ठरते. त्याचे शब्दशः ‘हॅव कम यस्टर्डे’ केले की मात्र चुकते. संपलेल्या काळाचा स्पष्ट निर्देश होताच इंग्रजीत ‘हॅव’ला थारा उरत नाही, तेथे ‘केम’च हवे. ‘काल’ गाळल्यास ‘हॅव कम’ योग्य, कारण पाहुणे अजून घरीच आहेत.

‘होतो’चा घोळ याहून मोठा. ‘मी काल देवासला गेलो होतो’ याचे ‘हॅड गॉन’ करण्याचा मोह होतो. वस्तुतः साधे ‘वेंट’ पुरेसे आहे. दोन गतघटनांपैकी आधीची दाखवावयाची असेल तरच ‘हॅड’ योजावे: आम्ही स्थानकावर पोहोचलो तेव्हा बस सुटली होती.

‘आहे म्हणजे हॅव’ असे समीकरण फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी वाक्यात काळाचा निर्देश आहे काय, हे विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावे. ‘देवासची दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली आहेत’ असे मराठीत लिहिले, तरी इंग्रजीत साधा भूतकाळच येईल.