गणित सोडण्याआधी

मृग लागायच्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी एकाच पैशावर दोघांचा हक्क असतो. एक कपाशीच्या बियाण्याचा, दुसरा दहावी पास झालेल्या पोराच्या प्रवेशाचा. कापूस घरात येतो दिवाळीच्या आगेमागे, आणि त्याचा पैसा खेळतो फार तर संक्रांतीपर्यंत. कॉलेजचं वर्ष मात्र हात कोरडे असताना जूनमध्ये उघडतं. त्यामुळे ‘कोणत्या गावाले टाकाचं’ आणि ‘खर्च किती येते’ या दोन प्रश्नांवरच घरातली बैठक उठते. विषय कोणते घ्यायचे, हे त्या बैठकीत निघतच नाही. ते निघतं चार दिवसांनी, कॉलेजच्या खिडकीवर. आतला क्लार्क विचारतो, ‘गणित ठेवायचं की बायो?’ पोरगा मागे उभ्या असलेल्या मित्राकडे पाहतो आणि मित्रानं जे सांगितलं ते सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दहावीनंतरचा खरा निर्णय या खिडकीवर होतो. सायन्स, आर्ट्स की कॉमर्स या वादात घरोघरी जेवढा घसा कोरडा पडतो, त्याच्या चौथाई विचारही गणित सोडताना होत नाही. आणि पुढे दारं बंद होतात ती बहुतेक तिथेच.

पुसदचं उदाहरण घ्या. पुसदजवळ वरुडला दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. दुधाच्या धंद्याची पदवी आपल्याच जिल्ह्यात मिळते, ही साधी गोष्ट नाही. घरी दोन म्हशी, वडील डेअरीवर दूध घालतात, पोराला त्या धंद्याची जाण आहे. तो विचार करतो की जनावरं, दूध म्हणजे जीवशास्त्र, आणि गणित सोडून बायो घेतो. बारावीनंतर त्याला कळतं की ही बी.टेक. पदवी आहे, तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. कारण तिथे म्हैस शिकवत नाहीत. दूध तापवणं, थंड करणं, वाळवणं, पंप, वाफ, शीतकरण या यंत्रांचं शास्त्र शिकवतात. म्हशीचं शास्त्र, म्हणजे पशुवैद्यकीय पदवी, त्याला बायो लागतं आणि नीटचे गुण लागतात. दोन्ही वाटा एकाच गोठ्यातून निघतात, पण अकरावीच्या खिडकीवर वेगळ्या होतात.

आता थोडं हिशेबानं पाहू. भौतिक आणि रसायन हे गणिताच्या (पीसीएम) आणि बायोच्या (पीसीबी) दोन्ही गटांत समान आहेत. गणित सोडलं की अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, दुग्धतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, मर्चंट नेव्ही आणि एनडीएतलं हवाई दल व नौदल ही दारं लागतात. एनडीएतून लष्कराच्या शाखेत जायला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. बायो सोडलं की एमबीबीएस, बीएएमएस, पशुवैद्यकीय आणि बी.एस्सी. नर्सिंग बंद. पण कृषी पदवी आणि फार्मसी या दोन्ही वाटा दोन्ही गटांना खुल्या आहेत, आणि हेच आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. ‘ॲग्रीले जायचं म्हणून बायो घेतलं’ हे वाक्य मी जिल्हाभर ऐकतो. ॲग्रीला बायोची सक्ती नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं यवतमाळमधलं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय असो की बी.एस्सी. कृषी, गणित घेऊनही तिथे जाता येतं.

मग पोरं गणित का सोडतात? भीतीनं, आणि ती भीती खोटी नसते. गावच्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर असतोच असं नाही, दहावीचा पेपर पाठांतरावर निघतो आणि अकरावीला त्रिकोणमिती समोर आली की डोळे फिरतात. पण सोडताना एक गोष्ट लक्षात घेतली जात नाही. बारावीला विषयांची संख्या ठरलेली असते. गणित गेलं की त्याच्या जागी भूगोल, आयटी किंवा दुसरं काही घ्यावंच लागतं. ओझं हलकं होत नाही, फक्त बदलतं. इंग्रजी, एक भाषा किंवा आयटी, आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय घेणारी मुलंही तेवढेच सहा विषय शिकतात. आपल्याकडे याला ‘जनरल सायन्स’ म्हणतात आणि हे अवघड म्हणून टाळतात. माझं मत विचाराल, तर ज्याला अजून ठरवता आलेलं नाही, त्यानं अकरावीला चारही ठेवावेत. दिवाळीपर्यंत कळतं की कोणत्या तासाला मन लागतं.

बायफोकलबद्दल मात्र सावध राहावं. क्रॉप सायन्स, दुग्धव्यवसाय, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक हे २०० गुणांचे विषय आहेत. ते दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची जागा घेतात. तो ‘आणखी एक’ बहुतेक वेळा गणित किंवा बायो असतो. गुण चांगले पडतात म्हणून पोरं क्रॉप सायन्सकडे धावतात आणि बारावीला ८० टक्के घेऊन निघतात. पण प्रवेश आता टक्क्यांवर होत नाही. एमएचटी-सीईटीत पीसीएम गटाच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, प्रश्नाला दोन गुण. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. म्हणजे जी परीक्षा जिंकायची, तिच्यातला अर्धा डाव एकाच विषयावर. बारावीच्या टक्क्यांना त्या मानानं फार थोडं वजन उरलं आहे.

अकरावीला ‘हे वर्ष बोर्डाचं नाही’ म्हणून जे आराम करतात, त्यांनी सीईटीचा अभ्यासक्रम एकदा पाहावा. त्यात सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. नीट आणि जेईईत तर अकरावी-बारावी बरोबरीनं येतात.

नीटवर जास्त लिहायला नको, कारण घरोघरी आधीच पुरेसं बोललं जातं. यवतमाळला १९८९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, वसंतराव नाईकांच्या नावाचं, आणि ते पाहत मोठ्या झालेल्या पोरांना ते स्वप्न पडणं साहजिक आहे. नीटला वयाची वरची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही, पेपर मराठीतही मिळतो. अट नाही म्हणूनच पोरं एक, दोन, तीन वर्षं ‘रिपीट’ करत बसतात. पुसद-उमरखेडची पोरं नांदेडला, वणी-पांढरकवड्याची नागपूरला, ज्यांना झेपतं ती लातूरला. कॉलेजात नाव गावाकडच्या, बसायचं क्लासमध्ये. या काळात घरच्या शेतावर काय चाललं आहे, ते त्यांना फोनवर सांगत नाहीत. दुसऱ्या वर्षाचा क्लास लावण्याआधी एक प्रश्न घरात विचारावा: नीट नाही झालं तर याच विषयांवर तो कुठे जाऊ शकतो? पीसीबीत उत्तर असतं, फार्मसी, नर्सिंग, कृषी, बी.एस्सी. हे उत्तर पहिल्याच वर्षी ठरवलेलं असलं, तर हातची दोन वर्षं वाचतात.

आता दुसरी वाट, जिला आपल्याकडे उगाच खालची समजतात. आयटीआय आणि पॉलिटेक्निक. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीईटी नाही. पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची. ती झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दहावीला जेमतेम पास झालेला इलेक्ट्रिशियन, त्यानं ठरवलं तर, पायरी पायरीनं इंजिनिअर होऊ शकतो, आणि मध्ये कुठेही थांबला तरी हातात कमाईचं कौशल्य असतं. सायन्सला जाऊन बारावी नापास झालेल्या पोराच्या हातात यातलं काहीच नसतं. आयटीआय झालेल्याला बारावीची समकक्षताही मिळते, भाषा विषयांची परीक्षा दिली की.

जिल्ह्याचा नकाशा समोर धरला की ही वाट नीट दिसते. वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळशाच्या खाणी आहेत. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. यवतमाळच्या एमआयडीसीत रेमंडचं डेनिम विणलं जातं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं काम चालू आहे, आणि त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाला. शेतांवर सौर पंप बसत आहेत. या सगळ्या ठिकाणी लागतात ते फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, सर्व्हेअर. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो, नुसती बारावी चालत नाही. खाणीत ओव्हरमन व्हायचं तर खाणकामाची पदविका हवी, आणि ती चंद्रपूर आणि नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मिळते. वणी-मारेगावच्या ज्या घरांची जमीन खाणीत गेली, त्यांच्या पोरांना हे कोणी शाळेत सांगितलं असेल का, याची मला शंका आहे.

पॉलिटेक्निकमध्ये एक अडचण खरी आहे, ती लपवू नये. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीतलं मेकॅनिक्स आणि गणित डोक्यावरून जातं. हुशार पोरंही पहिल्या सत्रात चार विषयांत नापास होतात आणि घाबरून घरी येतात. हे होतं, असं आधीच सांगून ठेवलं तर ती टिकतात. दहावीनंतर जूनभर रिकामं बसण्याऐवजी नववी-दहावीचं गणित-विज्ञान एकदा इंग्रजीतून वाचून काढलं, तरी धक्का बराच सौम्य होतो.

आर्ट्सची गोष्ट निराळी. आर्ट्स वाईट नाही. नुसतं ‘कुठे नाही तर आर्ट्स’ म्हणून घेतलेलं आर्ट्स वाईट. पोलीस भरतीला कोणत्याही शाखेची बारावी चालते, तलाठी आणि एमपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी, पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला कोणतीही शाखा, डी.एल.एड.लाही. ज्याला पहाटे ग्राऊंडवर धावायचं आहे आणि पोलीस व्हायचं आहे, त्यानं सायन्समध्ये दोन वर्षं रडत काढण्यात अर्थ नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता पुन्हा लेखी, वर्णनात्मक झाली आहे. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र मन लावून शिकलेल्याला तिचा फायदा आहे. फक्त विषय कोणते घ्यायचे, हे लहान कॉलेजात पोरगा ठरवत नाही. कोणत्या विषयाचा शिक्षक तिथे आहे, त्यावर ठरतं. म्हणून प्रवेशाआधी एकदा त्या कॉलेजात जाऊन विचारावं, अर्थशास्त्राला सर आहेत का, भूगोलाची प्रात्यक्षिकं होतात का. कॉमर्सवाल्यांनीही गणिताचा पर्याय असेल तर तो घ्यावा, हिशेबाच्या पुढच्या सगळ्या वाटांवर तो कामाला येतो.

आणखी एक. सायन्सची बारावी झालेला आर्ट्स-कॉमर्सकडे केव्हाही वळू शकतो, उलटं होत नाही. म्हणून ‘बघू, आधी सायन्स’ ही पालकांची घाई पूर्ण चुकीची नाही. पण ती घाई आणि पोराची तयारी यांचा मेळ बसत नसेल, तर बारावीचा निकाल घराचा सगळ्यात वाईट दिवस ठरतो.

मुलींचं मात्र वेगळं पाहावं लागतं. तालुक्याच्या गावी सायन्स आणि खेड्यात फक्त आर्ट्स, ही जुनी रचना अजून मोडलेली नाही. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत आहे, त्यामुळे रोज ये-जा शक्य होते, पण शेवटची बस किती वाजता निघते यावर पोरीची शाखा ठरावी, हे काही बरं नाही. जुलै २०२४पासून राज्य सरकारनं आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतून झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. ‘पोरीच्या इंजिनिअरिंगले पैसे कुठून आणू’ म्हणणाऱ्या बापानं हे आधी ऐकावं, म्हणजे अकरावीला तिचं गणित सुटणार नाही.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, यवतमाळातही. दहा पसंतिक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. पहिलं नाव म्हणून मजेनं कुठल्या तरी शहराचं मोठं कॉलेज टाकू नका, ते खरंच मिळालं तर खोलीभाडं कोण देणार? आणि फॉर्म भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याला पसंतिक्रम ठरवायला सांगू नका, त्याच्यासाठी तो रांगेतला पुढचा ग्राहक असतो.

गणित एकदा सुटलं की सगळंच संपलं असं नाही. अकरावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कॉलेज विषय बदलून देतं, प्राचार्यांना अर्ज द्यावा लागतो. बारावी झाल्यावरही एकच विषय घेऊन बोर्डाची परीक्षा देण्याची सोय आहे. ती थोडेच लोक वापरतात, कारण तिची माहिती कोणी देत नाही.

आणि शेवटी कागद. राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या प्रत्येकाला जात वैधता लागते. बारावीचा निकाल लागल्यावर ती काढायला निघालेल्यांची जूनमध्ये रांग लागते, नेमकी पेरणीच्या धांदलीत. आजोबांच्या शाळेचा दाखला कुठल्या गावी आहे, ते आधी शोधावं लागतं. आदिवासी घरांना तर हे शोधकाम जास्तच लांबतं. अकरावी सायन्सला प्रवेश झाला की त्याच दिवाळीच्या सुटीत, कापूस वेचणीच्या हंगामात चार पैसे हाती असताना, पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत भरून टाकावा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर नंतर काढले तरी चालतात, त्यांची मुदत संपत असते. वैधतेला मुदत नसते.