‘झीरो’च्या बाटलीतला गोडवा

साखर नाही, कॅलरी नाही, तरीही गोड! शीतपेयांतला हा गोडवा येतो कुठून? तो जिभेला आणि शरीराला कितपत मानवतो?

मे महिन्यातलं जबलपूर. पारा 42 अंशांवर गेलेला. राइट टाऊनमधल्या मावशीच्या घरी पोचले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पूर्वी या घरात उन्हातून आलं की माठातलं पाणी आणि करेलीच्या गुळाचा खडा हातावर पडायचा. या वेळी मावशीनं फ्रिज उघडला आणि काळ्या पेयाची बाटली पुढे केली.

“अगं मावशी, तुला डायबिटीस ना? आणि तू हे पितेस?”

“म्हणून तर हे पिते! यात साखर नाहीच मुळी. वाच ना, झीरो लिहिलंय. डॉक्टरांनी साखर बंद केली, मग जिवाला थोडं गोड नको का?”

रोज दोन बाटल्या, एक दुपारी, एक रात्री जेवणानंतर. तेवढ्यात शेजारी कॅरम खेळायला गेलेला तिचा नऊ वर्षांचा नातू आला आणि त्यानंही ग्लास भरून घेतला. “आजीचं कोल्ड्रिंक चालतं मला, त्यानं वजन वाढत नाही,” असं त्यानं मलाच समजावलं. मी बाटली फिरवून पाहिली. मागे अगदी बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं: यात कृत्रिम गोडी आणणारा पदार्थ आहे, लहान मुलांसाठी शिफारस नाही. बाटलीवरचा ‘झीरो’ घरातल्या सगळ्यांनी वाचला होता. ही ओळ मात्र कुणीच वाचली नव्हती.

साखर नाही, मग गोड कशानं?

नेहमीच्या कोलाच्या 300 मिलिलिटरमध्ये साधारण 32 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमपर्यंतच असावी. एका बाटलीतच ही मर्यादा ओलांडली जाते.

‘झीरो’ किंवा ‘डाएट’ पेयांत साखरेऐवजी स्वीटनर असतात. लेबलवर ते बरेचदा आकड्यांनी लिहिलेले असतात. 950 म्हणजे अॅसेसल्फेम-के, 951 अॅस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज आणि 960 म्हणजे स्टीव्हिया या वनस्पतीपासून काढलेला गोड अर्क. अॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड, तर सुक्रालोज सुमारे 600 पट. त्यामुळे 32 ग्रॅम साखरेचं काम दीडशे-दोनशे मिलिग्रॅम अॅस्पार्टेम करतं. एवढ्याशा पदार्थातून कॅलरी मिळणार तरी किती?

बोट चाटलं आणि शोध लागला

गंमत म्हणजे यातले कित्येक शोध चुकून लागले. 1879 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना जेवताना हाताला गोड चव लागली. ते सॅकरिन होतं. 1965 साली जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट ओलं करायला जिभेला लावलं आणि अॅस्पार्टेमची गोडी कळली.

तिसरी गोष्ट एका फडणीसांची आहे. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक प्रा. लेस्ली हॉफ यांच्या हाताखाली काम करत होते. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून नवे पदार्थ बनवण्याचं काम चाललं होतं. प्राध्यापकांनी एका पदार्थाची ‘टेस्ट’ घ्यायला सांगितली. त्यांना म्हणायचं होतं, तपासणी कर. फडणीसांना ऐकू आलं, चव घे. मराठीत हे दोन्ही इंग्रजी शब्द एकसारखेच लिहिले जातात, त्यामुळे हा घोटाळा आपल्याला चटकन समजतो! फडणीसांनी चव घेतली आणि जगाला सुक्रालोज मिळालं. प्रयोगशाळेतला अनोळखी पदार्थ असा जिभेवर ठेवणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

चव वेगळी का लागते?

“पहिल्यांदा प्यायले तेव्हा औषधासारखं लागलं होतं,” मावशी म्हणाली. तिची जीभ खोटं बोलत नव्हती. साखरेची गोडी जिभेवर लगेच येते आणि लगेच ओसरते. सुक्रालोजची गोडी सावकाश येते आणि बराच वेळ रेंगाळते. सॅकरिन आणि अॅसेसल्फेम-के तर गोड चव ओळखणाऱ्या पेशींबरोबर कडू चव ओळखणाऱ्या पेशींनाही जागं करतात, म्हणून मागाहून कडवट लागतं. हा कडवटपणा सगळ्यांना सारखा जाणवत नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या आनुवंशिक घडणीवरही अवलंबून असतो. शिवाय साखरेमुळे पेयाला थोडा दाटपणा येतो. ती काढली की पेय पाणचट वाटतं. म्हणूनच कंपन्या दोन-तीन स्वीटनर एकत्र करून एकाची खोड दुसऱ्यानं झाकतात.

आणखी एक गोष्ट जबलपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवण्यासारखी. अॅस्पार्टेम उष्णतेनं आणि काळानं हळूहळू विघटित होतं. दुकानाबाहेर उन्हात पडून राहिलेली बाटली कमी गोड लागते, ती यामुळेच.

चवीतला फरक लोकांना किती खुपतो, याचं उदाहरण स्कॉटलंडचं. ब्रिटनमध्ये 2018 साली गोड पेयांतल्या साखरेवर कर आला. त्याच्या तोंडावर तिथल्या ‘आयर्न ब्रू’ या लाडक्या पेयातली साखर निम्म्याहून कमी करून स्वीटनर घातलं गेलं, तेव्हा चाहत्यांनी जुन्या चवीच्या बाटल्या घरात साठवून ठेवल्या!

शरीराचं काय?

या विषयावर घबराट पसरवणारेही खूप आणि ‘काही होत नाही’ म्हणणारेही खूप. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकलं. याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्ण फिटलेली नाही. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम ही जुनीच मर्यादा कायम ठेवली. 70 किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडायला रोज 9 ते 14 कॅन प्यावे लागतील. तेव्हा मावशीच्या दोन बाटल्यांनी घाबरून जाण्याचं कारण नाही.

पण ‘घाबरू नका’ म्हणजे ‘खुशाल प्या’ नव्हे. मे 2023 मध्ये याच संघटनेनं सांगितलं, की वजन कमी करण्याचं साधन म्हणून स्वीटनर वापरू नयेत. दीर्घकाळात त्यांनी चरबी कमी होत असल्याचं दिसलं नाही. उलट ती नेहमी घेणाऱ्यांत टाइप-2 मधुमेह आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. अर्थात, आधीच वजन वाढलेले लोकच अशी पेयं जास्त घेतात, हेही त्याचं कारण असू शकतं. मुख्य म्हणजे, ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही, असं संघटनेनं स्पष्ट म्हटलं आहे.

इस्राएलच्या वाइझमन संस्थेनं 2022 साली 120 निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोज दोन आठवडे घेतल्यावर काहींच्या रक्तातल्या साखरेचा चढ-उतार बदलला, आतड्यांतले जीवाणूही बदलले. प्रयोग लहान आहे, पण ‘हे शरीरातून नुसतंच निघून जातं’ हा समज पक्का धरू नये, एवढं नक्की.

आणि दात? साखर नसली तरी या पेयांतलं आम्ल दातांचं वरचं कठीण आवरण झिजवतंच.

मग मुलांना का नको?

सुरक्षित मर्यादा वजनावर ठरते. 20 किलोच्या मुलासाठी ती दिवसाला 800 मिलिग्रॅम होते, म्हणजे अडीच ते चार कॅन. रोज एवढं कुणी पीत नाही, पण मुलांचं वजन कमी, पुढचं आयुष्य मोठं आणि जिभेच्या सवयी याच वयात जडतात. पाण्याच्या जागी प्रत्येक वेळी गोडच हवं, ही सवय साखरेनं लागली काय किंवा स्वीटनरनं लागली काय, शेवटी ती गोडाचीच सवय. ‘फिनाइलकीटोन्युरिया’ हा दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्यांना तर अॅस्पार्टेम पूर्ण वर्ज्य आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्यामुळे एकाच फ्रिजमधून आजी आणि नातू पाणी पितात, अशी घरं आता घरोघर सापडतील. आजीसाठी जे साखरेपेक्षा बरं, ते नातवासाठी चांगलंच असेल असं नाही.

बाटली घेताना एवढं पाहा

• पुढचा ‘झीरो’ वाचून थांबू नका. मागचे 950, 951, 954, 955, 960 हे आकडे शोधा.
• साध्या वाटणाऱ्या पेयातही साखर कमी करून जोडीला स्वीटनर घातलेला असू शकतो.
• मधुमेह असेल, तर साखरेच्या पेयाऐवजी अधूनमधून ‘झीरो’ चालेल. पण रोजचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.
• तहानेला पाणीच. बदल म्हणून ताक, जिरं-सैंधव घातलेलं लिंबूपाणी किंवा सातूचं खारं पाणी.
• पन्ह्यात गूळ घातला म्हणजे साखर टळली, असं समजू नका. गूळही साखरच.
• चहातली साखर अर्ध्या-अर्ध्या चमच्यानं कमी करा. दोन-तीन महिन्यांत जिभेला कमी गोडही पुरेसं वाटू लागतं.

मावशीला मी यातलं सगळं सांगितलं नाही, फक्त ती बारीक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प राहिली. “माझं म्हणून त्याला दिलं गं. मला वाटलं, निदान साखर तरी नाही,” एवढंच म्हणाली. निघण्याच्या दिवशी पाहिलं, तर फ्रिजच्या दारात ताकाचा तांब्या होता. दुपारची बाटली बंद झाली होती. रात्रीची मात्र तिनं राखून ठेवली होती, स्वतःपुरती. नातू कुरकुरत होता, पण ताकात मीठ जास्त झालंय म्हणून!