एकतीस मेचे सभासद

सकाळी नऊ

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचून मी पहिलं काम करतो ते रात्रभरातले सर्व्हर लॉग वाचण्याचं. कोण आलं, कुठलं पान मागितलं, ते द्यायला किती वेळ लागला, कुठे अडलं, हे सगळं सर्व्हर ओळीओळीने लिहून ठेवत असतो. वेबसाइटची तब्येत तिथे कळते. पतसंस्था, शाळा, दवाखाने अशी आमची गिऱ्हाइकं. त्यांच्यापैकी कुणाचा फोन येण्याआधी दुखणं आपल्याला कळलेलं बरं.

आज एका दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं पान रखडताना दिसलं. कोड उघडला तर अगदी साधा, वाचायला सुंदर : रुग्णांची यादी घ्या, प्रत्येकापुढे डॉक्टरांचं नाव दाखवा. पण डेटाबेसशी बोलायचं काम ज्या लायब्ररीवर सोपवलं होतं, ती प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टरांचं नाव वेगळं विचारायला जात होती. यादीत दोनशे रुग्ण असले तर डेटाबेसला दोनशे एक प्रश्न. दोन तक्ते जोडून एका प्रश्नात हे सगळं मिळतं. एसक्यूएलमध्ये जॉइन असतो तो याचसाठी. लायब्ररीलाही तसं सांगता येतं, फक्त सांगायला हवं हे सुचायला खाली काय चाललंय ते माहीत पाहिजे. एका ओळीची दुरुस्ती केली. पान झटकन उघडू लागलं.

सकाळी दहा

रोजची पंधरा मिनिटांची बैठक. कोण काय करतंय, कुणाचं कुठे अडलंय. आमची मुलं मेहनती आहेत, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूरहून येतात, रात्री उशिरापर्यंत बसतात. पण बहुतेकांनी सहा महिन्यांच्या क्लासात थेट रिअ‍ॅक्टपासून सुरुवात केलेली असते. रिअ‍ॅक्ट २०१३ साली आलं. ते ज्या जावास्क्रिप्टवर उभं आहे ती १९९५ सालची, आणि तिच्याही खाली १९९१ पासून चालत आलेलं एचटीएमएल आणि एचटीटीपी. क्लासात वरचा मजला दाखवतात, कारण नोकरीच्या जाहिरातीत त्याच मजल्याचं नाव असतं. मुलांना मी दोष देत नाही. जाहिराती आम्हीच लिहितो.

सव्वाअकरा

एका पतसंस्थेच्या मॅनेजरांचा फोन. सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म आम्ही त्यांना काही महिन्यांपूर्वी करून दिला.

"सर, जरा बघता का? वाढदिवसाच्या मेसेजसाठी ऑनलाइन आलेल्या सभासदांची यादी काढली. एकतीस मेचे सभासद लई झालेत. आणि एक जूनला एक पण नाही."

"एकही नाही?"

"नाही ना. असं होईल काय हो? आमच्याकडं निम्मी म्हातारी माणसं एक जूनची."

महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. जन्माची नोंद नसायची, पोराला शाळेत घालताना मास्तर विचारायचे, आई-बाप म्हणायचे अंदाजे सहा-सात वर्षांचा असेल, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. मग तीच तारीख दाखल्यावर, पेन्शनच्या कागदावर, पॅन कार्डावर. हे मॅनेजरांना ठाऊक होतं म्हणून चूक सापडली. आमच्या कुठल्याही चाचणीत ती सापडली नव्हती.

साडेअकरा ते दोन

फॉर्म लिहिणारी मुलगी आमच्याकडे येऊन वर्ष होत आलंय. हुशार आहे, पटकन शिकते. तिने तक्रार ऐकली आणि लगेच एआयच्या खिडकीत टाकली. उत्तर तत्काळ आलं : साठवण्यापूर्वी तारखेत एक दिवस मिळवा. तिने मिळवला, फॉर्म भरून पाहिला, एक जून बरोबर एक जून म्हणून आला.

"सर, झालं."

"थांब. एक दिवस मिळवलास. पण कमी कुठे झाला होता ते सापडलं का?"

ती थांबली. मिळवलेली ओळ आधी काढून टाकायला लावली. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. या दोन-अडीच तासांत दुसरं कुठलंही काम हाती घेतलं नाही, आणि घ्यायचं नव्हतंच.

एफ१२ दाबून ब्राउझरची अवजारं उघडली, नेटवर्कच्या टॅबवर गेलो. फॉर्ममध्ये १ जून १९५८ निवडलं, 'जतन करा' दाबलं. पडद्यावर 'जन्मतारीख १ जून १९५८, नोंद झाली' असा हिरवा संदेश. आणि नेटवर्कच्या टॅबमध्ये, सर्व्हरकडे प्रत्यक्ष गेलेल्या मजकुरात, ३१ मे १९५८. म्हणजे सर्व्हर आणि डेटाबेस निर्दोष. तारीख ब्राउझरमधून निघतानाच बदललेली होती. चाचणीत ती का दिसली नाही, तेही तिथेच उलगडलं : हिरवा संदेश स्वतःच्या आठवणीतली तारीख दाखवत होता, सर्व्हरने काय लिहून घेतलं ते विचारतच नव्हता.

मग कोड. तारीख निवडायला एक तयार कॅलेंडर घेतलेलं. ते कॅलेंडर जावास्क्रिप्टची 'डेट' नावाची वस्तू देतं. पुढच्या ओळीत तिचं 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' करून पहिली दहा अक्षरं कापून घेतलेली. ही ओळ इतक्या ठिकाणी वाचायला मिळते, की एआयसुद्धा पहिल्या फटक्यात हीच देतं.

"डेट म्हणजे काय?" मी विचारलं.

"तारीख."

"कन्सोलवर तिची नुसती संख्या काढून बघ."

तिने काढली. मोठीच्या मोठी संख्या, आणि ऋण. ती माझ्याकडे बघायला लागली. तारीख ऋण कशी असेल? तर जावास्क्रिप्टची 'डेट' ही तारीख नसतेच. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती मिलिसेकंद उलटले त्याची ती मोजणी असते. १९५८ त्याच्या आधीचं, म्हणून ऋण. म्हणजे ती काळातला एक क्षण धरते. कॅलेंडरने १ जून म्हणून दिला तो आपल्याकडच्या १ जूनच्या मध्यरात्रीचा, रात्री बाराच्या ठोक्याचा क्षण. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तोच क्षण जागतिक वेळेत लिहिला की होतो ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' नेहमी जागतिक वेळेतच लिहितं. पहिली दहा अक्षरं कापली की साडेसहा गळून पडतात आणि ३१ मे उरतो.

तिने हे स्वतःच्या हाताने कागदावर मांडलं. मग विचारलं, "मग सर, सगळे हीच ओळ का वापरतात? कुणालाच कसं कळलं नाही?"

प्रश्न फार चांगला होता. मी तिला संगणकाचं घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर लावायला सांगितलं. पुन्हा १ जून निवडलं. गेला १ जून! अमेरिका जागतिक वेळेच्या मागे आहे. तिथल्या मध्यरात्री ग्रीनिचला त्याच तारखेची पहाट उजाडत असते, तारीख बदलत नाही. तिथे बसून ही ओळ लिहिणाऱ्याला ती कायम बरोबरच दिसणार. कराचीपासून टोकियोपर्यंत आपण सगळे मात्र दर वेळी एक दिवस मागे पडणार. अवजार ज्याने बनवलं त्याच्या गावचं घड्याळ त्यात असतं, आणि ते आपल्या गावात चालेल की नाही हे पाहणं आपलं काम आहे. ते अमेरिकेतलं कुणी आपल्यासाठी करणार नाही.

तिला आता चैन पडेना. वेगवेगळी वर्षं टाकून बघू लागली. १९५८, साडेसहा. १९७२, साडेसहा. १९४४ टाकलं आणि म्हणाली, "सर, इथे साडेपाच येतंय."

बघितलं. खरंच ३१ मे, संध्याकाळचे साडेपाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. जागतिक वेळेपेक्षा साडेसहा तास पुढे. जगातल्या प्रत्येक भागाने घड्याळ कधी पुढे-मागे केलं याची एक सार्वजनिक नोंदवही संगणकजगतात सांभाळली जाते आणि ब्राउझर तीच वापरतो. युद्धातल्या त्या तासाची नोंद तिच्या लॅपटॉपमध्ये आहे. हे वाचताना तिला जो आनंद झाला, त्यासाठी मी हे काम करतो.

दुपारी अडीच

डबा उरकून दुरुस्ती. जन्मतारीख हा क्षण नाही. ती वर्ष-महिना-दिवस अशी लिहिलेली गोष्ट आहे, तिला घड्याळ नाही, गाव नाही. मग तिला क्षणाच्या पोत्यात कोंबायचंच कशाला? ब्राउझरमध्ये तारखेचं स्वतःचं इनपुट पूर्वीपासून आहे. ते थेट 'वर्ष-महिना-दिवस' असा मजकूर हातात देतं, मध्ये 'डेट' येतच नाही. ते वापरलं असतं तर ही चूक घडायला जागाच नव्हती. फक्त ते देखणं नाही, म्हणून बाहेरचं कॅलेंडर आणलं, आणि त्याच्या मागोमाग त्याला लागणारी इतर पॅकेजेस आली. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतलं, तेव्हा जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली होती. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं, एवढंच त्याचं काम. तेवढं कुणीही पाच मिनिटांत लिहिलं असतं.

शेवटी आम्ही दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने ठेवायचं ठरवलं. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांवर जन्मतारखेला असेच रकाने असतात. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने कॅलेंडरच्या बाणावर टिचक्या मारत १९५८ पर्यंत मागे जायचं, हे मुळातच निर्दयी होतं. सर्व्हरवरही तपासणी घातली, कारण ब्राउझरकडून आलेल्या कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो.

साडेतीन

आता साठवलेल्या चुका. सगळ्यांना एक दिवस मिळवून टाकू, असं पहिल्यांदा वाटतं. पण जुन्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या नोंदी बरोबर आहेत, त्यांना हात लावायचा नाही. फॉर्मवरून आलेल्यांतही एक मेख आहे : मुलगा अमेरिकेत, त्याने तिथे बसून आई-वडिलांचा फॉर्म भरला, तर ती तारीख बरोबरच आलेली असणार. तिला एक दिवस मिळवला की ती चुकणार. दुबईहून भरला असेल तर मात्र चूकच, तेही जागतिक वेळेच्या चार तास पुढे.

मॅनेजरांना फोन करून सरळ सांगितलं की आमच्या फॉर्मात चूक होती, नोंदी दुरुस्त करायच्या आहेत, पण केवायसीच्या कागदाशी प्रत्येक नोंद पडताळल्याशिवाय नको. पॅनवरची तारीख आणि संस्थेतली तारीख जुळली नाही तर खेटे सभासदालाच घालावे लागतात. ते म्हणाले, "दोघं क्लार्क देतो उद्यापासून." त्या दोघांचे दिवस आमच्या एका ओळीपायी जाणार आहेत, म्हणून आमच्यातलं एक माणूस त्यांच्यासोबत बसणार.

पावणेपाच

मुलाखत. मुलाने केलेली दुकानाची वेबसाइट दिसायला छान होती. मी माउस काढून घेतला आणि म्हटलं, "आता फक्त कीबोर्डवर खरेदी कर." टॅब दाबत गेला, 'खरेदी करा'वर पोचेचना. ते बटण नव्हतंच. साध्या डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकटीला, रंग देऊन बटणासारखं केलेलं. एनव्हीडीए सुरू करून ऐकवलं. दृष्टिहीन लोक वापरतात ते हे मोफत सॉफ्टवेअर दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं. तेही 'बटण' म्हणेना. खरं बटण वापरलं असतं तर कीबोर्ड, आवाज, दोन्ही फुकट मिळालं असतं.

मग काळ्या पडद्यावर, ब्राउझरशिवाय, त्याच्या हाताने एचटीटीपीची विनंती टाइप करून घेतली. पहिली आवृत्ती तर इतकी साधी होती, की 'गेट' आणि पानाचा पत्ता अशी एकच ओळ पाठवायची. आता थोडं जास्त लागतं, तरी वाचता येण्यासारखंच. उत्तर आलं : आधी हेडर, मग एक रिकामी ओळ, मग पान. तो पुढे झुकून वाचत राहिला आणि विचारलं, "ही रिकामी ओळ नसली तर?" त्या प्रश्नावर मी त्याला घेतलं. पहिला महिनाभर फ्रेमवर्कला हात लावायचा नाही, या अटीवर.

सहा

आवराआवर चाललेली. फॉर्म लिहिणारी मुलगी अजून जागेवरच. तिने आमच्या सगळ्या प्रकल्पांत ती ओळ शोधायला घेतली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"सर, शाळेच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पण आहे."

"कधीपासून?"

"गेल्या प्रवेशापासून. आणि तिथे वय ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे १ जानेवारीचं मूल आपल्याकडे आदल्या वर्षात जातंय. वय बसत नसताना बसतंय."

तिने तशा मुलांची यादी काढून ठेवली होती. मुख्याध्यापिका बाईंना आत्ता फोन करायचा की सकाळी, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं आत्ताच कर, आणि तूच कर. तिने नंबर लावला.